आईच्या बाजूचं

शुक्रवारी रिपोर्ट हातात पडला, तरी बुधवारच्या संक्रांतीचा बेत रमाने मोडला नाही. विनयाताई आणि त्यांचा मुलगा अमेय चार वाजता तिळगूळ घेऊन येणार होते. अमेय आणि ईश्वरीचा वसंत पंचमीचा साखरपुडा दहा दिवसांवर आला होता. धाकट्या लेकीचं सगळं सुरळीत पार पडेपर्यंत तो कागद आपल्या कपाटातल्या साड्यांखालीच राहावा, असं रमाने मनाशी पक्कं केलं होतं. सकाळपासून ती गुळाच्या पोळ्या लाटत होती. बाहेर सगळं जयपूर गच्चीवर चढलं होतं. घराघरांवर भोंगे लागले होते आणि कुठे पतंग कटला की एकच गलका उठत होता. त्या आवाजाने नातू निहार दचकतो म्हणून थोरल्या लेकीने, आसावरीने, मधल्या खोलीच्या खिडक्यांना दोन रजया बांधल्या होत्या.

निहार साडेचार वर्षांचा होता आणि अंगाने दीड वर्षाच्या पोराएवढा. तो मान धरत नव्हता. त्याची नजर कुठे ठरत नव्हती. पोटात असतानाच त्याच्या मेंदूची वाढ अडली होती. मेंदूवर ज्या वळ्या पडायच्या असतात त्या पडल्याच नाहीत, मेंदू गुळगुळीत राहिला, असं तो चार महिन्यांचा असताना डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितलं होतं. दोन वर्षांच्या वर जगणं कठीण, असंही सांगितलं होतं. आसावरीने त्याला साडेचारपर्यंत आणलं होतं, चमच्याचमच्याने भरवत, दर खोकल्याला उठून बसत. जावई तन्मय नोकरीसाठी गुरुग्रामला असायचा आणि एकाआड एक शनिवारी यायचा. आसावरी मुलाला घेऊन आईबापांकडेच राहायला आली, त्यालाही आता दोन वर्षं झाली होती.

"आई, ईशूला आज सांगायचं," आसावरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली. "ते लोक यायच्या आधी."

"आज नको."

"मग कधी?"

"साखरपुडा होऊ दे. लग्न होऊ दे. मूल व्हायच्या आधी सांगू की. तुझ्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, अकराव्या-बाराव्या आठवड्यात तपासता येतं म्हणून."

"त्या असंही म्हणाल्या की आधी आईची तपासणी करा, मग बहिणीची. तू अजून रक्त दिलेलं नाहीस."

रमाने पोळी तव्यावर टाकली. गूळ एका बाजूने फुटून बाहेर आला आणि करपल्याचा वास सुटला.

सतीश वर्तमानपत्र घेऊन मागे येऊन उभे राहिले होते. टपाल खात्यातून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, पण घरातल्या कुठल्याही वादात ते अजून साहेबासारखे दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे. "आसावरीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "लपवून करण्यासारखं काय आहे त्यात? विनयाताई शिकलेल्या आहेत, बँकेत अधिकारी आहेत. समजून घेतील."

"आणि नाही घेतलं तर?" रमा म्हणाली. "त्यांचा एकुलता एक मुलगा आहे. उद्या त्या म्हणाल्या, नको बाबा ही सोयरीक, तर तुम्ही ईशूला काय सांगणार आहात? तुझ्या बहिणीच्या पोरामुळे मोडलं म्हणून?"

सतीश वर्तमानपत्राची घडी घालू लागले. रमाला ठाऊक होतं की हे वाक्य त्यांना लागेल. निहारवर कोणी बोट ठेवलेलं त्यांना खपत नसे.

"दहा दिवसांचाच तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "सांगायचं नाहीच असं नाही, आसावरी. पण मागाहून सांगू."

"बाबा, आत्ता तुम्ही वेगळं म्हणत होता."

"हो. पण तुझी आई म्हणते त्यातही तथ्य आहे."

आसावरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मला कोणी आधी सांगितलं असतं ना," ती म्हणाली, "तर मला चाललं असतं. एवढंच म्हणते मी." आणि ती निहारच्या खोलीत निघून गेली.

ती हे सहज बोलली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. रमाने मात्र गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी सगळं फार शांतपणे समजावलं होतं. हिंदीत बोलत, कागदावर रेघा काढत. दोष एका जनुकात होता. तो बाईकडून पुढे येतो. बाईजवळ त्याच गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते, बाईला थोडीफार झळ लागते किंवा लागतही नाही. मुलाजवळ एकच प्रत असते. ती बिघडलेली आली की सांभाळायला दुसरं कोणी नसतं. आसावरीच्या रक्तात तो दोष सापडला होता. मग बाईंनी रमाकडे पाहून विचारलं होतं, "माताजी, आपको कभी दौरे पड़े? बचपन में?"

"नहीं," रमा म्हणाली होती.

"मायके में कोई बच्चा छोटी उमर में गया?"

"नहीं जी."

बाईंनी दोन्ही ठिकाणी फुली मारली होती.

असाच प्रश्न पाच वर्षांपूर्वीही एकदा आला होता. आसावरीला दिवस गेले तेव्हा पहिल्याच तपासणीला नर्सने फॉर्म भरताना विचारलं, घरात कोणाला फिट्स? आसावरी आठवण्याचा प्रयत्न करत होती, तेवढ्यात रमाच बोलून गेली होती, "नाही हो, कोणालाच नाही." तेव्हा तिला ते खोटं बोलल्यासारखंही वाटलं नव्हतं. जवळजवळ चाळीस वर्षांच्या सवयीने जीभ आपोआप वळली होती.

रमाला अकराव्या वर्षी पहिली आकडी आली, कराडला, शाळेच्या पटांगणात. सतराव्या वर्षापर्यंत मग त्या येत राहिल्या, कधी वर्षात दोन, कधी एक. तिच्या आईने, गिरिजाबाईंनी, तिला गावातल्या डॉक्टरकडे न नेता साताऱ्याला नेलं. रोज एक पांढरी गोळी सुरू झाली. कोणी विचारलं तर रक्तवाढीची म्हणून सांगायचं, असं आईने बजावलं होतं. बाविसाव्या वर्षी सतीशचं स्थळ आलं. मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत, शांत, निर्व्यसनी. लग्नाच्या आदल्या दिवशी गिरिजाबाईंनी गोळ्यांची बाटली मोरीत रिकामी केली आणि म्हणाल्या, "आता हे इथंच संपलं. त्यांच्या घरात हा शब्द काढायचा नाही." रमाने काढला नाही.

चार वाजता ईश्वरी, अमेय आणि विनयाताई तिघं एकदमच आले. ईश्वरी आणि अमेय सकाळपासून ऑफिसातल्या कोणाच्या तरी गच्चीवर पतंग उडवत होते. दोघांचे चेहरे उन्हाने रापले होते.

"आई, मांजाने बोट कापला," ईश्वरी म्हणाली. जयपुरात जन्मलेल्या या मुलीला मराठीतली लिंगं कधी जमली नव्हती.

"कापलं," अमेयने सुधारलं. तो मूळचा नाशिकचा.

"हां, तेच. मतलब, दोन बोटं कापले."

विनयाताई हसल्या. त्यांनी पिशवीतून तिळगुळाचा डबा आणि काळी साडी काढून रमाच्या हातात दिली. साडीवर बारीक पांढऱ्या बुट्ट्या होत्या. "लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नेसतात हे मला माहिती आहे," त्या म्हणाल्या. "पण तोवर माझी बदली कुठे होते कोण जाणे. म्हणून आत्ताच घेऊन ठेवली. आणि आमचा छोटा कुठे आहे? त्याला आणा की बाहेर."

आसावरी निहारला घेऊन आली. त्याला मांडीवर आडवा घेऊन, मान कोपरात धरून ती कोचावर बसली. पोळ्या झाल्या, चहा झाला. विनयाताईंनी निहारच्या तळव्यात आपलं बोट ठेवलं. त्याने ते धरलं नाही, पण त्यांनी बोट तसंच राहू दिलं. रमाला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय. एक तासाचा प्रश्न आहे.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला.

निहारचे दोन्ही हात झटक्यात वर गेले. मग अंग ताठ झालं, डोळे एका बाजूला फिरले आणि ओठ निळसर पडले. आसावरीने त्याला कुशीवर वळवलं. "ईशू, वेळ बघ," ती म्हणाली. ईश्वरीने घड्याळ पाहिलं. सतीश झटका लांबला तर नाकात मारायच्या औषधाच्या स्प्रेची बाटली आणायला आत धावले. आणि रमा नेहमीप्रमाणे उठून स्वयंपाकघरात गेली.

निहारला झटका आला की ती खोलीत थांबत नसे. आसावरीने सुरुवातीला एकदोनदा विचारलं होतं, मग विचारायचं सोडून दिलं होतं. आईला या पोराची शिसारी येते, अशी तिने आपल्या मनाची समजूत करून घेतली असावी. रमाला ते कळत होतं. पण तो ताठ झालेला देह पाहिला की तिच्या तोंडात चावलेल्या जिभेची रक्ताळ चव यायची. तिथे उभं राहणं तिला जमत नसे.

ओट्याशी उभी राहून ती ऐकत होती. एक मिनिट. दीड मिनिट. मग आसावरीचा आवाज आला, "झालं. संपलं. झालं राजा." कोणीतरी सुस्कारा टाकला.

"हे असं किती वेळा होतं?" विनयाताई विचारत होत्या.

"दिवसातून पाच-सहा वेळा. थंडीत जास्त."

"जन्मापासूनच ना हे? मी विचारू का नको असं मला कधीचं वाटतंय. राग मानू नका. घरात आणखी कोणाला असं काही..."

"नाही, नाही," सतीश घाईघाईने म्हणाले. "तसं काही नाही. आमच्याकडे नाही, रमाच्या माहेरी नाही. लाखात एखाद्याचं होतं, डॉक्टरच म्हणतात."

रमाने डोळे मिटले. चौतीस वर्षांत हा माणूस तिच्यासमोर कधी खोटं बोलला नव्हता. आताही तो अर्धंच खोटं बोलत होता. माहेरचं त्याला खरंच माहीत नव्हतं.

"काकू, बाबा अर्धं सांगतायत," आसावरी म्हणाली. "शुक्रवारी रिपोर्ट आला. ते माझ्यातून निहारमध्ये आलंय. माझ्या रक्तात आहे."

"आसावरी," सतीश म्हणाले.

"सांगू दे बाबा. चार वर्षं माझ्या सासूबाई म्हणतायत, आमच्या सात पिढ्यांत असं नाही. बरोबरच म्हणत होत्या. माझ्यात आहे, काकू."

बाहेर भोंग्यावर गाणं लागलं होतं. मग विनयाताईंनी हळूच विचारलं, "आणि तुझ्यात कुठून आलं, बाळा?"

"माहीत नाही. आईने अजून रक्त दिलेलं नाही."

रमा बाहेर आली. हात पदराला पुसायला गेली तर ते कोरडेच होते. कोणाकडे पाहून बोलावं ते तिला सुचेना. शेवटी ती विनयाताईंकडे पाहून बोलली, कारण त्याच तिला सगळ्यांत परक्या होत्या.

"माझ्याकडून आलंय," ती म्हणाली. "रक्त द्यायची गरज नाही. मला लहानपणी आकडी यायची. अकरा ते सतरा. गोळ्या चालू होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी बंद केल्या. आणि माझ्या पाठीवरचा भाऊ होता, तो नऊ महिन्यांचा होऊन गेला. तोही असाच होता." तिने निहारकडे मान वळवली. "असाच."

सतीशच्या हातात अजून स्प्रेची बाटली होती. त्यांनी ती टीपॉयवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली आणि दार उघडून गच्चीच्या जिन्याकडे गेले.

"मतलब, मलापण असू शकतं," ईश्वरी म्हणाली.

"निम्मी शक्यता," आसावरी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. ती आईकडे बघत नव्हती.

"आणि तुम्ही सगळे शुक्रवारपासून जाणता? आणि मला पतंग उडवायला पाठवलं?"

अमेय तिच्याजवळ सरकला, तिने हातानेच त्याला थांबवलं.

विनयाताई रमाकडे वळल्या. "रमाताई, मी चिडले आहे. तुमच्यावर की कशावर, ते मला आत्ता सांगता येणार नाही. साखरपुडा पुढे ढकलू. मोडू असं म्हणत नाही. ढकलू."

"आई, माझं ठरलंय," अमेय म्हणाला.

"तुझं ठरलंय ते मला दिसतंय. तिचं ठरू दे."

"मी पहिले रिपोर्ट बघणार," ईश्वरी म्हणाली. "तोपर्यंत तू हो म्हणू नको, अमेय. आत्ता हो म्हणशील, आणि मग मला लाइफभर वाटत राहील की तू अडकला. आत्ता घरी जा."

विनयाताई उठल्या. साडी कोचावर तशीच पडली होती. त्यांनी ती घडी घालून पिशवीत ठेवली. दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन निहारच्या कपाळावरून हात फिरवून गेल्या.

रमा गच्चीवर गेली तेव्हा उन्हं उतरली होती. सतीश पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. शेजारच्या गच्चीवरच्या पोरांनी "अंकलजी, आ जाइए" म्हणून हाका मारल्या, त्यांनी नुसता हात वर केला.

"शहाण्णव साली," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मी अजमेरला दौऱ्यावर होतो. परत आलो तर तुझ्या भुवईला टाके होते. न्हाणीघरात पाय घसरला म्हणालीस."

"हो."

"पाय घसरला नव्हता."

"नव्हता."

"आसावरी तेव्हा पाळण्यात होती. घरात तुम्ही दोघीच." ते थांबले. "मी तसाच पुढच्या आठवड्यात पुन्हा दौऱ्यावर गेलो, रमा. मला माहीत असतं तर गेलो असतो का?"

तिला वाटलं होतं की ते फसवलं म्हणतील. त्याची तयारी तिने कितीतरी वर्षं केली होती. याची केलेली नव्हती.

"आधी भीती वाटायची, तुम्ही माहेरी पाठवाल म्हणून," ती म्हणाली. "मग मुली झाल्या. मग आकड्या आल्याच नाहीत. मग भीतीही राहिली नाही, नुसतं न सांगणं राहिलं."

"मी पाठवलं असतं असं वाटलं तुला."

"तेव्हा तुम्ही मला कुठे माहीत होता?"

"नंतर झालो असेन की."

ते पुढे होऊन कठड्याशी उभे राहिले. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर राहिलं. मग तेच म्हणाले, "थंडी वाजेल. खाली चल." पण ते स्वतः आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमा आणि ईश्वरी रिक्षाने जाऊन रक्त देऊन आल्या. जाता-येता ईश्वरी रिक्षाच्या बाहेरच बघत होती. रिपोर्टाला चार-पाच आठवडे लागतील असं सांगण्यात आलं.

ते आठवडे घरात कोणी कोणावर आवाज चढवला नाही. त्यापेक्षा रमाला भांडण परवडलं असतं. सतीश वेळच्या वेळी जेवत, भाजी आणत, "मीठ बरोबर आहे" म्हणत. फक्त आता ते तिला घरात एकटी सोडून कुठे जात नसत. सकाळचं फिरणं त्यांनी बंद केलं. तिने न्हाणीघराचं दार लावलं की ते बाहेर खुर्ची ओढून पेपर वाचत बसत. आसावरी कामापुरतं बोले. निहारचं दूध गरम कर, औषध संपलंय, फोन वाजतोय. तन्मय शनिवारी आला तेव्हा त्याला तिने काय सांगितलं ते रमाला कळलं नाही. पण रविवारी निघताना तो सासूच्या पाया पडायचा, तसा त्या वेळी पडला नाही. "येतो" एवढंच म्हणाला. वसंत पंचमी आली आणि गेली. समोरच्या बंगल्यातल्या मुलीची वरात त्या संध्याकाळी निघाली तेव्हा ईश्वरीने कानात हेडफोन घालून ऑफिसचं काम केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी रिपोर्ट आले. रमाच्या रक्तात दोष होता. ईश्वरीच्या नव्हता.

ईश्वरी ऑफिसातून थेट इस्पितळात गेली होती. तिने फोन आसावरीला केला आणि नुसती रडत राहिली. संध्याकाळी विनयाताई आणि अमेय घरी आले, काळी साडी घेऊन. बोलणी झाली, एप्रिलमधली तारीख निघाली. विनयाताई रमाशी नीट बोलल्या, पण पूर्वीसारखं रमाताई म्हणून हात धरला नाही. जाताना म्हणाल्या, "ती सुटली म्हणून आले असं नका समजू. माझं आधीच ठरलं होतं. तिला विचारा हवं तर." ईश्वरीने मान हलवली, हो म्हणून.

सगळे गेल्यावर रमा निहारच्या खोलीशी आली. आसावरी त्याला पेज भरवत होती. पाठीला तीन उशा, छातीवर पंचा. एक चमचा, मग थांबायचं, गिळलं की नाही ते गळ्याला बोट लावून पाहायचं, मग दुसरा. एका वाटीला पाऊण तास लागायचा. रमा दारातच उभी राहिली.

"ये," आसावरी म्हणाली. महिन्याभरात कामाव्यतिरिक्त ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

रमा पलंगाच्या पायथ्याशी बसली.

"ईशू सुटली म्हणून कळलं तेव्हा मला खूप बरं वाटलं," आसावरी म्हणाली. "आणि मग याच्याकडे बघून लाज वाटली. सुटली म्हणजे कशापासून सुटली? याच्यापासूनच ना?"

"असं नाही गं."

"असंच आहे." तिने एक चमचा भरवला, गळ्याला बोट लावलं. "मी रोज विचार करते. तू त्या नर्ससमोर खरं बोलली असतीस, तर त्यांनी तपासलं असतं. मला बाराव्या आठवड्यात कळलं असतं. आणि मी याला ठेवलं नसतं. मी स्वतःला ओळखते, नसतंच ठेवलं. मग तुझ्यावर रागवायचं ते कशासाठी? हा आहे म्हणून? हा असा आहे म्हणून? मला तेच ठरवता येत नाही, आई."

"दोन्हीसाठी रागव."

"रागावलेच आहे. ते जाणार नाही इतक्यात." तिने पंच्याने निहारची हनुवटी पुसली. "चार वर्षं सासूबाई तुझ्यासमोर मला बोलायच्या. तू तिथेच बसलेली असायचीस. चहा घ्या म्हणायचीस त्यांना."

निहारने एक घोट गिळला. त्याच्या घशातून बारीक घर्र आवाज आला. आसावरीने त्याला जरासं पुढे वाकवलं, पाठीवर हात फिरवला, आणि आवाज थांबल्यावर विचारलं, "त्याचं नाव काय होतं? तुझ्या भावाचं?"

"जनार्दन." हे नाव रमाने शेवटचं कधी उच्चारलं होतं ते तिला आठवेना. "आईच्या आजोबांचं नाव."

"तुला आठवतो?"

"मी सात वर्षांची होते. आठवतो की. डोकं लहान होतं, आणि जावळ मात्र भरपूर."

"आजी त्याला कसं भरवायची? तेव्हा तर काहीच नव्हतं."

"कापसाच्या बोळ्याने. दुधात भिजवून ओठांवर पिळायची. अर्धं बाहेर यायचं. मी समोर वाटी धरून बसायचे." रमा थांबली. "दिवसभर तेच. मी शाळेतून येऊन बघितलं की आई तिथेच असायची, भिंतीला टेकून. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, कशाला एवढं करतेस, राहणारा नाही तो. आई त्यांना काही बोलायची नाही."

"मग गेला तेव्हा?"

"गेला तेव्हा मला मावशीकडे पाठवलं होतं. परत आले तर पाळणा काढून ठेवलेला. मी विचारलं, बाळ कुठे, तर आईने तोंडावर हात ठेवला. माझ्या. त्यानंतर त्याचं नाव घरात कोणी घेतलं नाही. आईनेही मरेपर्यंत घेतलं नाही."

आसावरीचा चमचा वाटीतच राहिला होता. "हसायचा का गं तो?" तिने विचारलं. "निहार कधीतरी हसतो. लोकांना ते खरं वाटत नाही, पण मला कळतं. आजीला कळत असेल ना?"

"कळत असेल," रमा म्हणाली. "मी कधी विचारलंच नाही तिला. तिलाही कोणी विचारलं नाही. कोणीच नाही."

आसावरीने वाटी बाजूला ठेवली. निहारला उचलून तिने छातीशी उभा धरला, त्याची मान आपल्या खांद्यावर नीट टेकवली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"निहार," ती हळूच म्हणाली, "ऐक. तुला आणखी एक आजोबा होते. नऊ महिन्यांचे."

मग ती सरकून बसली आणि रमाला पलंगावर वर जागा करून दिली. "अजून सांग त्याला," ती म्हणाली. "जेवढं आठवतंय तेवढं सांग."

रमा सांगू लागली.